टेक्ससमधील ‘टॅम्स’: दहावीनंतर थेट विद्यापीठात जाण्यासाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

टेक्सस अकॅडमी ऑफ मॅथेमॅटिक्स अँड सायन्स, म्हणजेच टॅम्स, हा डेंटनच्या युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ टेक्ससमधला दोन वर्षांचा निवासी कार्यक्रम आहे. विधिमंडळाने तो १९८७ मध्ये मंजूर केला. अकरावी-बारावीच्या वयाची मुले इथे विद्यापीठाचेच वर्ग करतात, मॅककॉनेल हॉलमध्ये राहतात आणि किमान ५७ क्रेडिट (विद्यापीठाच्या विषयांचे श्रेयांक) मिळवून हायस्कूलही पूर्ण करतात. राहण्या-जेवणाचा खर्च पालकांकडे असतो.

अर्ज दहावीत असतानाच करायचा. टेक्ससचे रहिवासी असणे आवश्यक आहे. घराचा करार, पगाराच्या पावत्या वगैरे पुरावे जपून ठेवा. व्हिसावर असलेल्या कुटुंबांनी आपला दर्जा चालतो का, हे प्रवेश कार्यालयाकडून आधी लेखी विचारून घ्यावे.

हुशार मुलेही अडतात ती अल्जिब्रा-२ पाशी. प्रवेशाआधी अल्जिब्रा-१, जॉमेट्री आणि अल्जिब्रा-२ हे तिन्ही पूर्ण लागतात. अल्जिब्रा-१ आठवीत झाला असेल तर गाडी आपोआप रुळावर असते. तो नववीत झाला असेल, तर दहावीत दोन विषय एकत्र घ्यावे लागतात किंवा एक सुट्टीत उरकावा लागतो. तिसरा मार्ग ‘क्रेडिट बाय एक्झाम’चा: विषय वर्गात न शिकता परीक्षा दिल्यास ८० टक्के गुण लागतात. शाळा या परीक्षा ठरावीक काळातच घेते आणि नोंदणीची मुदत बरीच आधी संपते, म्हणून काउन्सेलरला नववीतच भेटा.

अर्जासोबत नववीपासूनची गुणपत्रिका, एसएटी किंवा एसीटी या महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेचे गुण, निबंध आणि शिक्षकांची शिफारसपत्रे जातात. शिफारसपत्रे नाताळच्या सुट्टीआधी मागा. जानेवारीत शिक्षकांकडे वेळ नसतो आणि घाईतले पत्र मोघम उतरते. ‘मेहनती विद्यार्थी’ अशा शब्दांपेक्षा मुलीने प्रयोगशाळेत नेमके काय केले हे लिहिलेले पत्र कितीतरी उपयोगी.

आपल्याकडच्या नावांचा घोळ इथे हमखास होतो. पासपोर्टवर वडिलांचे नाव मधले, शाळेच्या नोंदीत ते गायब, एसएटीच्या खात्यात तिसरेच काही. परीक्षेचे नाव फोटो ओळखपत्राशी जुळले नाही तर केंद्रावरच अडवतात आणि शाळेच्या नोंदीशी जुळले नाही तर गुण अर्जाला जोडले जायला उशीर लागतो. सगळीकडे एकच स्पेलिंग ठेवा.

निवड झाल्यावर मेनिंजायटिसची लस पाहा. टेक्ससच्या कायद्यानुसार २२ वर्षांखालील नव्या विद्यार्थ्याने ती मागच्या ५ वर्षांत आणि वर्ग सुरू होण्याच्या किमान १० दिवस आधी घेतलेली असावी लागते. सातवीच्या प्रवेशासाठी अकराव्या वर्षी घेतलेला डोस सोळाव्या वर्षापर्यंत मुदतबाह्य होतो. पालक जुने कार्ड अपलोड करतात आणि ऑगस्टमध्ये नोंदणी अडकते. उन्हाळ्यातच बूस्टर घ्या.

राहिली पालकांची बाजू. विद्यापीठात शिकू लागताच फर्पा या शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्याखालचे हक्क वय काहीही असले तरी विद्यार्थ्याकडे जातात. सोळा वर्षांच्या मुलाचे गुण कळावेत असे वाटत असेल, तर माहिती देण्याच्या संमतिपत्रावर पहिल्याच आठवड्यात त्याची सही घ्या.