रुमालाचे चार वेढे

मे महिन्यात वाळूजच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये गेलो होतो. पत्र्याचं शेड, आत भट्टी लागलेली. लेथवरच्या, म्हणजे धातूचा तुकडा गरगर फिरवून कापणाऱ्या यंत्रावरच्या, पोरानं गळ्यातल्या रुमालानं घाम पुसला आणि तो पुन्हा जॉबवर, त्या फिरत्या तुकड्यावर, वाकला. रुमालाचं टोक जॉब पकडून फिरवणाऱ्या चकपासून जेमतेम वीतभर वर लोंबत होतं. मी ओरडलोच. त्यानं रुमाल काढला, पण म्हणाला, "एवढ्यानं काय होतंय सर, हिसका देऊन सोडवतो की."

हिसका द्यायला वेळच मिळत नाही. मिनिटाला १००० फेरे म्हणजे सेकंदाला जवळपास १७. अचानक काही घडलं तर हात हलायलाच साधारण पाव सेकंद जातो. तेवढ्यात जॉब चारदा फिरलेला असतो. जॉबचा व्यास ५० मिलीमीटर असेल, तर त्यावर ६० सेंटिमीटरहून जास्त कापड गुंडाळलं गेलेलं असतं. जवळजवळ अख्खी बाही.

आणि वेढे पडले की ताकदीचा प्रश्नच संपतो. बिथरलेला बैल आवरायला जाणता गडी कासऱ्याचे दोन वेढे झाडाला मारतो आणि मोकळं टोक एका हातात धरतो. घर्षणामुळे पकड दर वेढ्याला गुणाकारानं वाढते. घर्षणांक ०.३ धरला, तर एका वेढ्याला साडेसहा पट, दोनाला त्रेचाळीस पट, तिसऱ्याला पावणेतीनशे पटींहून जास्त. लेथवर झाडाच्या जागी जॉब असतो आणि बैलाच्या जागी आपला हात.

म्हणून चालू लेथवर हातमोजेसुद्धा नकोत. अनेक मालक ते काळजीपोटी आणून देतात, पण एक धागा अडकला की मोज्याबरोबर बोटं जातात. कापताना न तुटता लांब निघालेली चिपही (धातूची पातळ पट्टी) अशीच गुंडाळते, शिवाय तिला पात्यासारखी धार असते. ती मशीन थांबवून आकड्यानंच काढायची.

चालू यंत्राजवळ तेलपाणी करणाऱ्याचे कपडे अंगाबरोबर असावेत आणि ते मालकानं पुरवावेत, असं १९४८च्या कारखाना कायद्याच्या २२व्या कलमातच लिहिलं होतं. तरी पोरं अजून कॉलेजचे जुने, फुल बाह्यांचे शर्ट घालून उभी दिसतात. उद्या काही झालं तर 'त्याचंच लक्ष नव्हतं' म्हणतील. मला ते मुळीच मान्य नाही.

निघताना मालकाकडे दोनच गोष्टी मागितल्या: पोराला अर्ध्या बाह्यांचे, अंगाबरोबरचे दोन जोड, आणि त्याच्या डोक्यावर एक पंखा.