साखर आणि खाण्याचा रंग : मूल नेमके कशामुळे चेकाळते?

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये रोज संध्याकाळी कोणाकडे ना कोणाकडे बोरन्हाण असते. हलव्याचे दागिने घातलेल्या बाळाच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, गाठ्या, लिमलेटच्या गोळ्या आणि चॉकलेटे ओतली जातात, भोवतीची मुले ती वेचायला तुटून पडतात, आणि तासाभराने त्यांचा दंगा आवरेनासा झाला की एखादी आई म्हणतेच, "एवढं गोड खाल्लंय, आता हा हायपर होणार." दोष साखरेवर जातो. मात्र त्या खाऊतून साखरेबरोबरच कृत्रिम रंगही मुलाच्या पोटात गेलेला असतो. दोन्ही एकाच घासात जात असल्यामुळे त्यांची गल्लत होते, पण मुलांच्या वागण्याशी त्यांचा संबंध तपासला असता दोहोंबाबत निघालेले निष्कर्ष वेगळे आहेत.

साखरेची तपासणी बरीच कसून झालेली आहे. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगात तीन ते पाच वर्षांची २५ मुले होती, आणि त्यांच्याखेरीज सहा ते दहा वर्षांची अशी २३ मुले होती, ज्यांना साखर सोसत नाही असे त्यांच्या पालकांचेच म्हणणे होते. या कुटुंबांचा आहार तीन-तीन आठवड्यांनी बदलला गेला. एकदा त्यात भरपूर साखर होती, एकदा अ‍ॅस्पार्टेम आणि एकदा सॅकरिन ही साखरेऐवजी वापरली जाणारी कृत्रिम गोडी आणणारी द्रव्ये, आणि कोणत्या आठवड्यांत काय दिले जात आहे हे घरच्यांना कळू दिले नव्हते. मुलांच्या वागण्यात किंवा आकलनात साखरेमुळे म्हणावा असा फरक आढळला नाही. पुढच्याच वर्षी अशा २३ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हाही निष्कर्ष तोच निघाला. काही थोड्या मुलांवर किंचित परिणाम होत असण्याची शक्यता तेवढी त्यात मोकळी ठेवली होती.

मग आयांना दिसते ते खोटे का? मुळीच नाही, दंगा खराच असतो. पण १९९४ मधल्याच आणखी एका प्रयोगात पाच ते सात वर्षांच्या मुलग्यांना साखर नसलेले पेय देण्यात आले आणि काही आयांना मात्र त्यात भरपूर साखर असल्याचे सांगण्यात आले. त्या आयांना आपली मुले अधिक चंचल वाटली, त्या मुलांच्या जास्त जवळ राहिल्या आणि त्यांना जास्त टोकतही राहिल्या. आपल्या घरातही हे पडताळून पाहता येते. रविवारी दुपारी वाटीभर शिरा खाऊन मूल आजीच्या कुशीत झोपी जाते, तेव्हा साखरेचे नाव कोणी काढत नाही. बोरन्हाणाच्या दिवशी दुपारची झोप बुडालेली असते, छोट्या दिवाणखान्यात पंधरा-वीस मुले कोंबलेली असतात, गाणी मोठ्याने लागलेली असतात आणि रात्रीचे जेवण लांबलेले असते. चेकाळायला एवढे पुरेसे आहे.

रंगांच्या बाबतीत मात्र इतके निश्चिंत राहता येत नाही. ब्रिटनमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांना कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट हे परिरक्षक मिसळलेले पेय, आणि एरवी तसेच दिसणारे साधे पेय, कोणते कधी ते कळू न देता दिले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार रंग मिसळलेल्या पेयानंतर मुलांची चंचलता सरासरीने थोडी वाढली. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने हा पुरावा मर्यादित ठरवला, आणि ते रास्तच होते, कारण परिणाम लहान होता, सर्व मुलांत सारखा नव्हता आणि मिश्रणातल्या कोणत्या घटकामुळे तो झाला हे सांगता येत नव्हते. तरीही युरोपीय संघात जुलै २०१० पासून सहा रंगांपैकी एखादा वापरला असल्यास, मुलांच्या हालचालींवर व एकाग्रतेवर त्याचा विपरीत परिणाम होऊ शकतो, असा इशारा वेष्टनावर छापावा लागतो. त्या सहांपैकी टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पोन्सो ४आर हे आपल्याकडेही परवानगी असलेल्या रंगांत आहेत. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत त्यांचे अनुक्रमे १०२, ११०, १२२ आणि १२४ हे क्रमांक सापडतात.

हा भेद हातात घेऊन पाहायचा तर बोरन्हाणातलाच खाऊ घ्यावा. पांढरा हलवा म्हणजे तिळाच्या किंवा साबुदाण्याच्या दाण्यावर चढवलेला साखरेचा पाक. त्यात रंग नाही. लिमलेटची नारिंगी गोळी तोंडातून काढून बघितली तर मुलाची जीभही नारिंगी झालेली असते. सुट्या मालाला पाकीट नसते, म्हणून तिथे अधिक जपावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तमिळनाडूने कॉटन कँडीच्या विक्रीवर बंदी घातली, ती अशा गुलाबी 'म्हातारीच्या केसां'त ऱ्होडामाइन बी हा खाद्यपदार्थांत चालत नसलेला रंग सापडल्यामुळे. माझ्या मते लहान मुलांच्या समारंभांतून भडक रंगाचा खाऊ वगळणे अगदी सोपे आहे आणि ते करावेच.

याचा अर्थ साखर मोकळी सुटली असा कृपया घेऊ नये. तिचा खरा अपाय दातांना आहे, कारण तोंडातले जिवाणू तिच्यापासून आम्ल बनवतात, आणि तिथे साखर किती खाल्ली याइतकेच ती किती वेळा आणि किती वेळ तोंडात राहिली यालाही महत्त्व असते. जेवणाबरोबर संपवलेल्या लाडवापेक्षा दिवसभर चघळलेली गाठी अधिक वाईट. शिवाय पोट गोडाने भरले की भाजी-भाकरीला जागा उरत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१६ मध्ये सुचवल्याप्रमाणे दोन वर्षांच्या आतील बाळाला वरून घातलेली साखर देऊच नये आणि त्यानंतर ती दिवसाला २५ ग्रॅमच्या, म्हणजे सुमारे सहा चमच्यांच्या आत असावी.

समारंभ नसतानाही मूल महिनोन्‌महिने घरी आणि बालवाडीत सारखेच अस्वस्थ राहत असेल, तर साखर बंद करून वाट पाहण्यात वेळ घालवू नये, बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. जाताना बालवाडीतल्या ताईंचे निरीक्षण लिहून न्यावे, कारण एडीएचडीसारख्या, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराच्या, निदानासाठी मूल एकाहून अधिक ठिकाणी कसे वागते हे डॉक्टरांना पाहावे लागते.