लायपोफेक्शन : मेदरेणूंद्वारे पेशींत डीएनए पोहोचवण्याची पद्धत

संवर्धित प्राणिपेशींमध्ये धनभारित मेदरेणूंच्या (लिपिडांच्या) साहाय्याने प्लाझ्मिड डीएनए, म्हणजे हवे ते जनुक वाहणारे डीएनएचे छोटे वर्तुळ, पोहोचवण्याची पद्धत. डीएनएच्या कण्यातील फॉस्फेट गटांमुळे त्याच्यावर ऋण विद्युत् भार असतो. प्राणिपेशींचे पटलही बाहेरून ऋणभारितच असते, म्हणून नुसता डीएनए पेशींवर ओतला तर तो आत जाण्याचे प्रमाण नगण्य राहते. धनभारित शीर्ष आणि जलद्वेषी शेपट्या असलेले मेदरेणू डीएनएभोवती जमले की हा अडथळा बराचसा दूर होतो. डीएनए आणि मेद यांच्या अशा संकुलाला लायपोप्लेक्स म्हणतात. जनुकाचे कार्य तपासणे, प्रथिनांचे अल्पकालीन उत्पादन, विषाणुवाहक तयार करणे आणि जनुकसंपादनाची साधने पेशीत नेणे यांसाठी ही पद्धत जगभर रोजच्या वापरात आहे.

उगम आणि अग्रक्रम

या पद्धतीचा आरंभ कधीपासून मानावा याविषयी लेखकांत एकवाक्यता नाही. पेशींत परका डीएनए घालण्याच्या रासायनिक पद्धती त्याआधीच्या आहेत. डीईएई-डेक्स्ट्रान या बहुशर्करेचा वापर १९६० च्या दशकाच्या मध्यास सुरू झाला. फ्रँक ग्रॅहॅम आणि ॲलेक्स व्हान डेर एब यांनी १९७३ मध्ये कॅल्शियम फॉस्फेटच्या साक्यासोबत डीएनए पेशींवर बसवण्याची कृती प्रसिद्ध केली. ती स्वस्त असल्यामुळे आजही टिकून आहे. मात्र द्रावणाच्या पीएचमध्ये किंचित फरक पडला तरी साक्याचे कण बदलतात आणि निष्पत्ती हाती लागत नाही.

मेदांच्या बाजूने पाहिल्यास सुरुवात ॲलेक बँगहॅम यांच्यापासून करावी लागते. फॉस्फोलिपिडे पाण्यात ढवळली असता त्यांचे बंदिस्त गोलक बनतात, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४-६५ च्या सुमारास केंब्रिजजवळील बाब्राहॅम येथे दाखवले. हेच पुढे लायपोसोम म्हणून ओळखले गेले. गोलकाच्या पोटात औषध भरता येते, तर न्यूक्लेइक आम्लही भरता यावे, हा विचार १९७० च्या दशकात अनेकांनी करून पाहिला. रॉबर्ट फ्रेली, सुरेश सुब्रमणी, पॉल बर्ग आणि दिमित्रिओस पापाहाजोपुलोस यांनी १९८० मध्ये एसव्ही४० विषाणूचा डीएनए लायपोसोममध्ये कोंडून तो पेशींत पोहोचवल्याचे प्रसिद्ध केले. काही लेखक मेदाधारित जनुकप्रवेशनाचा आरंभ येथूनच धरतात.

दुसरा आणि अधिक प्रचलित पक्ष १९८७ हे वर्ष मानतो. त्या वर्षी फिलिप फेल्गनर व सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात डीओटीएमए या नव्याने संश्लेषित धनभारित मेदाचे वर्णन केले आणि पद्धतीला लायपोफेक्शन हे नाव दिले. डीओटीएमए आणि डीओपीई हे साहाय्यक मेद समप्रमाणात मिसळून केलेल्या लायपोसोमांनी कॅल्शियम फॉस्फेट व डीईएई-डेक्स्ट्रान यांच्यापेक्षा पाच ते शंभर पटींहून अधिक परिणाम मिळतो, असे त्यांनी नोंदवले. वाढीची पट पेशीप्रकारानुसार बदलते, हे या आकड्यांच्या विस्तारातूनच दिसते.

प्रस्तुत नोंदीत १९८७ चा पक्ष ग्राह्य धरला आहे. १९८० च्या प्रयोगातील लायपोसोम ऋणभारित होते. डीएनए त्यांच्या पोटात कोंडावा लागे आणि उरलेला वाया जाई. फेल्गनर यांच्या पद्धतीत काही कोंडावेच लागत नाही. दोन द्रावणे एकत्र केली की विरुद्ध भारांच्या आकर्षणाने संकुल आपोआप बनते आणि जवळजवळ सगळा डीएनए त्यात गोळा होतो. तत्त्वच वेगळे असल्यामुळे आधीचे काम पूर्वपीठिका म्हणून पाहणे योग्य. त्याने आधीच्या कामाचे मोल मात्र उणावत नाही.

त्यानंतरच्या दशकात मेदरेणूंची रचना झपाट्याने बदलत गेली. १९८९ मध्ये झाँ-पॉल बेर यांच्या गटाने अनेक अमाइन गटांचे शीर्ष असलेली लिपोपॉलिअमाइने आणली. डीओटीएमएमधील ईथर बंध पेशीत सहजी तुटत नाहीत. त्यांच्या जागी एस्टर बंध असलेले डीओटीएपी १९९० च्या सुमारास आले, तर कोलेस्टेरॉलवर आधारलेले डीसी-कोल १९९१ मध्ये. भारतात हैदराबादची भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था येथे अशा मेदांच्या संश्लेषणावर दीर्घकाळ काम झाले आहे.

कार्यपद्धतीविषयीची मते

संकुल पेशीपटलात थेट मिसळून जाते आणि डीएनए पेशीद्रव्यात सुटतो, अशी आरंभीची कल्पना होती. १९९० च्या दशकाच्या मध्यास ती मागे पडली. मेदाचे पटलाशी मीलन होते ते बहुतांशी संकुल पेशीने एंडोसायटोसिसने आत ओढून घेतल्यानंतर, एंडोसोम या पिशवीत, असे प्रयोगांतून दिसू लागले. एंडोसोममधून सुटका कशी होते, याचे १९९६ मध्ये शू आणि झोका यांनी मांडलेले स्पष्टीकरण आज बहुमान्य आहे. एंडोसोमच्या बाहेरच्या थरातील ऋणभारित मेद आतल्या थरात उलटतात, संकुलातील धनभारित मेदांशी जोडी जमवतात आणि त्यामुळे डीएनए मोकळा होतो. डीओपीईसारखे शंक्वाकार रेणू पटलाला उलट्या षट्कोनी रचनेकडे झुकवतात आणि ही क्रिया सुकर करतात, असे मानले जाते.

संकुलाची अंतर्गत रचनाही वादाचा विषय होती. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काहींना गोळ्यांना लगडलेले धागे दिसले. सायरस सफिन्या यांच्या गटाने १९९७ मध्ये क्ष-किरण विकिरणाने दाखवले, की अनेक संकुलांत मेदाचे द्विस्तर आणि डीएनएचे दांडे आळीपाळीने रचलेले असतात आणि दोन थरांतील अंतर सुमारे ६.५ नॅनोमीटर असते. डीओपीईचे प्रमाण वाढवले की हीच रचना षट्कोनी होते. प्रत्यक्ष वापरातले मिश्रण यांपैकी कोणत्या रूपात असते, हे मेदाचे प्रमाण, क्षार आणि मिसळण्याची पद्धत यांवर ठरते.

पेशीद्रव्यात पोहोचलेल्या डीएनएचा खरा कस तिथून पुढे लागतो. मारिओ कॅपेकी यांनी १९८० मध्येच दाखवून दिले होते, की सूक्ष्म सुईने प्लाझ्मिड थेट केंद्रकात टोचल्यास ५० ते १०० टक्के पेशींत जनुक व्यक्त होते, म्हणजे त्यापासून प्रथिन बनते, आणि पेशीद्रव्यात टोचल्यास होत नाही. सुमारे २,००० आधारजोड्यांपेक्षा लांब डीएनए पेशीद्रव्यात जवळपास हलतच नाही आणि तेथील न्यूक्लिएझ विकरे तासा-दीड तासात त्यातला निम्मा तोडून टाकतात. केंद्रकपटल विरघळते ते पेशीविभाजनाच्या वेळी. म्हणून विभाजित होणाऱ्या पेशींत ही पद्धत चालते आणि चेतापेशींसारख्या न विभागणाऱ्या पेशींत अडखळते.

हा तोटा आकड्यांत पाहण्यासारखा आहे. ५,००० आधारजोड्यांच्या प्लाझ्मिडचा अर्धा मायक्रोग्रॅम म्हणजे सुमारे ९,१०० कोटी प्रती. २४ खळग्यांच्या ताटलीतील एका खळग्यात २ लाख पेशी असतील, तर प्रत्येक पेशीच्या वाट्याला साडेचार लाखांवर प्रती येतात. एवढे असूनही, प्लाझ्मिडवर हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचे जनुक ठेवून पाहिले तर शेजारशेजारच्या दोन पेशींपैकी एक हिरवी चमकते आणि दुसरी काळीच राहते. मेद हा प्रवेशाचा प्रश्न सोडवतो, केंद्रकापर्यंतच्या वाटचालीचा नाही. पाठ्यपुस्तकांतील चित्रांत बाण थेट केंद्रकात घुसवलेला असतो, त्याने विद्यार्थ्यांचा नेमका येथेच गैरसमज होतो.

कृती

पेशी खळग्याचा ७० ते ९० टक्के तळ व्यापतील इतक्या वाढवतात. प्लाझ्मिड आणि मेद-द्रावण सीरमविरहित माध्यमात वेगवेगळे पातळ करून एकत्र करतात, सुमारे २० मिनिटे ठेवून पेशींवर थेंब-थेंब सोडतात, ४ ते ६ तासांनी माध्यम बदलतात आणि २४ ते ४८ तासांनी परिणाम पाहतात. मेद व डीएनए यांचे प्रमाण प्रत्येक पेशीप्रकारासाठी जुळवून घ्यावे लागते. मेद वाढवला की प्रवेश वाढतो, पण पेशी गोल होऊन तळ सोडू लागतात. प्रतिजैविके या काळात टाळतात, कारण पटल ढिले झालेले असल्याने तीही आत शिरून पेशींना मारक ठरतात. प्लाझ्मिडमध्ये जिवाणूंचे एंडोटॉक्सिन उरलेले असल्यासही निष्पत्ती घसरते.

विदर्भातील संदर्भ

विदर्भाच्या ग्रामीण भागात ‘बीटी’ हा शब्द शेतापासून कृषिकेंद्रापर्यंत रुळलेला आहे. त्यामुळे कपाशीत जनुक घालण्याची पद्धत आणि ही पद्धत यांची सरमिसळ वारंवार होते. वनस्पतिपेशींना पटलाबाहेर सेल्युलोजची भिंत असते. लायपोप्लेक्स ती ओलांडत नाही. भिंत विकरांनी काढलेल्या नग्न पेशींवरच मेदाचे प्रयोग शक्य होतात. भारतात मार्च २००२ मध्ये मान्यता मिळालेल्या बीटी कपाशीतील जनुक ॲग्रोबॅक्टेरियम या मातीतील जिवाणूकरवी घातलेले होते. तरी दोन्ही धागे एका माणसापाशी जुळतात. वर उल्लेखिलेले रॉबर्ट फ्रेली यांनी १९८२ मध्ये तंबाखूच्या भिंतविरहित पेशींत लायपोसोमद्वारे विषाणूचा आरएनए पोहोचवला आणि नंतर मोन्सॅन्टो कंपनीत ॲग्रोबॅक्टेरियमच्या वाटेने वनस्पतींत जनुके घालण्याच्या आरंभीच्या कामात भाग घेतला. या क्षेत्रातील कामासाठी २०१३ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मेरी-डेल चिल्टन आणि मार्क व्हान मॉन्टेग्यू यांच्यासह मिळाला. यवतमाळ-वर्ध्याच्या कापूसपट्ट्यातील विद्यार्थ्याला लायपोसोमचा इतिहास परका वाटण्याचे कारण नाही.

तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांत जैवतंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात हा विषय असला, तरी तो बहुधा फळ्यावरच शिकवला जातो. प्रात्यक्षिकात ई. कोलाय जिवाणूला कॅल्शियम क्लोराइड आणि ४२ अंशांचा उष्ण झटका देऊन प्लाझ्मिड घालणे एवढे जमते. प्राणिपेशींसाठी लागणारी सोय महाग आहेच, पण इथल्या हवामानाची अडचण त्याहून चिवट आहे. पेशी ३७ अंशांवर आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवतात. नेहमीचा उबवणी-कक्ष फक्त तापवतो, थंड करत नाही. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे बाहेर ४५ अंश असताना खोली वातानुकूलित नसेल, तर कक्षाचे तापमान ३७ वर उतरतच नाही. वीज दुपारी तीन तास गेली, तर कक्षाला इन्व्हर्टर जोडून भागत नाही, खोलीही गार राहावी लागते. मेद-द्रावण ४ अंशांवर ठेवायचे असते आणि गोठवायचे नसते. नागपूरहून बर्फाच्या पेटीतून येताना ते बर्फाला टेकून गोठणे आणि पेटी उघडी राहून तापणे, या दोन्ही टोकांपासून जपावे लागते. पेशीमालिका बहुधा पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून मागवल्या जातात. या अडचणी पैशाने आणि नियोजनाने सुटण्याजोग्या आहेत. आठवडाभर चालेल अशी एक गार खोली दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून उभी केली, तरी मुलांना हिरवी चमकणारी पेशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल, आणि ती त्यांनी पाहायलाच हवी.

सिकलसेल आजारामुळे या भागात जनुकोपचाराविषयी आस्था मोठी आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या जिल्ह्यांत हा आजार ठळकपणे आढळतो. हिमोग्लोबिनच्या बीटा-ग्लोबिन साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येणे हे त्याचे मूळ. निरोगी जनुक मेदात गुंडाळून रुग्णाला देता येईल का, हा प्रश्न पालक विचारतात. या नोंदीतील पद्धतीने ते साधत नाही. रक्ताच्या मूळपेशी लायपोप्लेक्सला फारसा प्रतिसाद देत नाहीत, शिवाय असे घातलेले प्लाझ्मिड बहुधा गुणसूत्रात न रुजता काही दिवसांत विरून जाते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळालेल्या कॅसजेव्ही या उपचारात रुग्णाच्या मूळपेशी शरीराबाहेर काढून जनुकसंपादनाची साधने विजेच्या झटक्याने आत घालतात. त्यात मेद नाही आणि प्लाझ्मिडही नाही. भारतात १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेले राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान तपासणी, समुपदेशन आणि हायड्रॉक्सीयुरियासारख्या औषधांवर भर देते. प्राथमिक आरोग्य केंद्रातील सोल्युबिलिटी चाचणी आणि तिच्यानंतरची इलेक्ट्रोफोरेसिस (विजेच्या साहाय्याने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी तपासणी) यांनीच वाहक कोण आणि रुग्ण कोण हे ठरते.

मेदनॅनोकण

२०२० पासूनच्या एमआरएनए (जनुकाचा संदेश वाहणारा आरएनए) लशींतील मेदनॅनोकण हे लायपोप्लेक्सचे पुढचे रूप मानतात. त्यांतील मेद आम्लधर्मी माध्यमातच धनभारित होतो, रक्तात जवळपास उदासीन राहतो. एमआरएनएला केंद्रकात जावे लागत नाही, म्हणून वर सांगितलेला शेवटचा अडथळा तेथे नाही. भारतात ऑगस्ट २०२१ मध्ये आपत्कालीन मान्यता मिळालेली झायकोव्ह-डी ही लस मात्र प्लाझ्मिडची असूनही मेदाविना, बिनसुईच्या दाबयंत्राने त्वचेत दिली गेली.