शास्त्र शिकल्याने गिटारवादन यांत्रिक होते का? एक खुलासा

स्केलचा (ठरावीक अंतरांनी मांडलेल्या स्वरांच्या क्रमाचा) अभ्यास म्हणजे केवळ बोटांचा व्यायाम असून संगीताचे शास्त्र शिकल्याने वादनातील भाव हरपतो, हा समज सांगली-मिरजेकडच्या गिटार शिकणाऱ्यांतही वर्षानुवर्षे ऐकू येतो. तो चुकीचा आहे. मेजर स्केलमध्ये एकाच तारेवर दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक अशा पडद्यांच्या (फ्रेटच्या) अंतराने स्वर येतात आणि हाच आपला बिलावल थाट, म्हणजे सर्व शुद्ध स्वरांची मांडणी होय; त्यातील गंधार व निषाद कोमल (एक पडदा खाली) केले की काफी थाट, म्हणजेच पाश्चात्त्य संगीतातील डोरियन मोड, हाती येतो. हे न समजता नुसते बोटांचे आकार घोटणाऱ्याचा आकार तिसऱ्या तारेवरून दुसऱ्या तारेवर जाताना एका पडद्याने का सरकतो, हे त्याला उमगत नाही. कारण इतर लगतच्या तारांत षड्ज-मध्यमाचे (पाच पडद्यांचे) अंतर असते, येथे मात्र षड्ज-गंधाराचे (चार पडद्यांचे).

शिवाय, ही भीती याच मातीत बाळगावी हे जरा नवलाचेच. स्वरांचे गणित मांडणारे कृष्णाजी बल्लाळ देवल सांगलीचे, आणि त्यांना श्रुतींच्या (स्वरांमधील सूक्ष्म अंतरांच्या) प्रयोगांत साथ देणारे मिरजेचे गायक अब्दुल करीम खाँ. खाँसाहेबांचे गाणे यांत्रिक होते, असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.