बाह्य प्रीअ‍ॅम्प : कन्सोलच्या पोटातून घरच्या टेबलावर

घरच्या ध्वनिमुद्रणासाठी घेतलेल्या, माइक संगणकाला जोडणाऱ्या ऑडिओ इंटरफेसमध्ये दोन-चार माइक प्रीअ‍ॅम्प आधीपासूनच असतात; माइकचा क्षीण संकेत वाढवणे हे त्यांचे काम. तरीही त्याच्याआधी आणखी एक स्वतंत्र प्रीअ‍ॅम्प जोडण्याची पद्धत का पडली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. माइकमधून निघणारा विद्युतदाब बहुधा काही मिलिव्होल्टचा असतो, तर व्यावसायिक उपकरणांची लाइन पातळी, म्हणजे ती एकमेकांना पाठवतात त्या संकेताची पातळी, १.२३ व्होल्ट मानली जाते. हे अंतर भरून काढायला ३० ते ६० डेसिबल गेन (संकेताची वाढ) लागतो, आणि ६० डेसिबल म्हणजे हजारपट. या पहिल्याच टप्प्यावर मिसळलेली खरखर पुढे कुठेही वेगळी काढता येत नाही, म्हणून प्रीअ‍ॅम्पला पूर्वीपासून एवढा मान आहे.

१९५० च्या दशकात जर्मन नभोवाणी केंद्रांमध्ये व्ही ७२ हे व्हॉल्व्हवर (काचेच्या निर्वात नळ्यांवर) चालणारे, ३४ डेसिबल इतका ठरलेला गेन देणारे प्रवर्धक वापरले जात. बिघडलेले युनिट ओढून काढावे आणि त्या जागी दुसरे सरकवावे, अशी त्यांची रचना होती. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओतील रेड ३७ या कन्सोलमध्येही (अनेक माइकचे आवाज मिसळण्याच्या मोठ्या टेबलातही) त्याच कुळातले प्रवर्धक बसवलेले होते. ट्रान्झिस्टरच्या काळात, १९७० साली, ध्वनी-उपकरणांचे अभियंते रूपर्ट नीव्ह यांच्या कंपनीचे १०७३ हे मॉड्यूल आले; त्यात प्रीअ‍ॅम्प आणि इक्वलायझर (आवाजातला खर्ज-तार भाग कमी-जास्त करणारा) एकत्र होते व दोन्ही टोकांना ट्रान्सफॉर्मर होते. पुढे असे मोठे कन्सोल मोडीत निघू लागले, तेव्हा त्यांतली मॉड्यूल सुटी काढून, वेगळा वीजपुरवठा आणि पेटी देऊन विकली जाऊ लागली. दुरुस्तीच्या सोयीसाठी केलेली रचना अशी विक्रीच्या सोयीची ठरली. नीव्ह यांनीच १९८५ साली स्थापन केलेल्या फोकसराइटचे आयएसए ११० हे मॉड्यूलही बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या एअर स्टुडिओतील कन्सोलला जोड म्हणून जन्मले होते.

घरापर्यंत ही पद्धत आली ती डिजिटल रेकॉर्डरमुळे. एस-व्हीएचएस कॅसेटवर आठ ट्रॅक मुद्रित करणारा अलेसिसचा एडॅट १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आला, पण त्याला लाइन पातळीचाच संकेत लागे. माइकसाठी मिक्सर वेगळा घ्यावा लागे. घरी एकटा माणूस बहुतेक वेळा एका वेळी एकच माइक वापरतो. मग स्वस्त मिक्सरच्या सोळा चॅनेलवर खर्च करण्यापेक्षा एकच उत्तम चॅनेल घेऊन तो थेट रेकॉर्डरला जोडावा, हा हिशेब अनेकांना पटला, आणि तो बिनचूक होता. त्या काळच्या प्रो टूल्स या संगणकीय मुद्रणप्रणालीच्या ८८८ इंटरफेसमध्येही माइक प्रीअ‍ॅम्प नव्हते. त्याच प्रणालीच्या १९९९ च्या डिजी ००१ इंटरफेसमध्ये दोन आले आणि २००२ च्या एमबॉक्समध्ये फोकसराइटचे दोन. मधल्या काळात एडॅट रेकॉर्डर मागे पडला, मात्र ४८ किलोहर्ट्झला आठ चॅनेल नेणारी त्याची प्रकाशतंतूची जोडणी आजही अनेक इंटरफेसवर आढळते. ड्रमसाठी आठ प्रीअ‍ॅम्पची पेटी तिथेच जोडतात.

दरम्यान खरखर टाळण्याचे मूळ कारण मात्र विरळ झाले. १५० ओहम स्रोताच्या (म्हणजे साधारण माइकच्या) स्वतःच्या उष्णताजन्य खरखरीची पातळी सुमारे उणे १३१ डीबीयू (विद्युतदाबाचे डेसिबलमधले माप) आहे आणि आजचे साधे इंटरफेसही पुरेशा गेनवर त्या मर्यादेच्या काही डेसिबल जवळ पोहोचतात. उरलेली कारणे म्हणजे जास्तीचे चॅनेल, क्षीण संकेत देणाऱ्या रिबन किंवा काही डायनॅमिक प्रकारच्या माइकना लागणारा भरपूर गेन आणि ट्रान्सफॉर्मर थोडा ताणला की आवाजाला येणारा रंग. हा रंग खरा आहे, पण माइक वीतभर हलवल्याने पडणारा फरक बहुधा त्याहून मोठा असतो.

जोडणीतली एक अडचण याच इतिहासातून उरली आहे. इंटरफेसच्या, दोन प्रकारचे प्लग घेणाऱ्या कॉम्बो सॉकेटमध्ये तीन पिनांचा एक्सएलआर प्लग घातला, तर बाह्य प्रीअ‍ॅम्पमधून वाढून आलेला संकेत पुन्हा माइक प्रीअ‍ॅम्पमध्ये शिरतो आणि गेन शून्यावर ठेवूनही फाटू (विकृत होऊ) शकतो. मधल्या भोकात टीआरएस (पाव इंची) प्लग घालून लाइन इनपुट वापरला, तरी बऱ्याच इंटरफेसमध्ये तो संकेत आधी पॅड नावाच्या सर्किटने कमी करून त्याच अंतर्गत प्रीअ‍ॅम्पमधून नेला जातो. प्रीअ‍ॅम्प पूर्णपणे टाळणारा लाइन इनपुट हवा असेल, तर तो बहुधा मागच्या बाजूच्या, गेनचे बटण नसलेल्या सॉकेटवर सापडतो.