ध्रुवताऱ्याची धडधड आणि मिस लेविट

गेल्या महिन्यात नात्यातल्या एका लग्नात सप्तपदी झाल्यावर गुरुजींनी वधूवरांना ध्रुवदर्शन घडवलं. दुपारचे साडेबारा वाजले होते, त्यामुळे हॉलच्या उत्तरेकडच्या खिडकीकडे तोंड करून दोघांनी हात जोडले. ‘ध्रुवासारखे अढळ राहा’ असा आशीर्वाद मिळाला. आशीर्वाद सुंदरच आहे. पण शेजारी बसलेल्या दहावीतल्या भाच्याने विचारलं, “मामा, ध्रुव खरंच हलत नाही?” अक्षता टाकता टाकता त्याला अर्धंच उत्तर देता आलं. उरलेलं इथे लिहितो.

हलतो. आज आपण ज्याला ध्रुव म्हणतो तो ध्रुवमत्स्यातला तारा आकाशाच्या उत्तर ध्रुवबिंदूपासून पाऊण अंशाच्या आतच आहे, तरी दिवसभरात तो एक छोटं वर्तुळ काढतोच. शिवाय पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक गिरकी घेतो, त्यामुळे ध्रुवपदाचा मानकरी बदलत राहतो. पावणेपाच हजार वर्षांपूर्वी तिथे कालेय तारकासमूहातला ठुबान होता. पण या दोन्ही हालचाली मुळात पृथ्वीच्या आहेत. तिसरी गोष्ट खुद्द ध्रुवाची आहे: दर चार दिवसांनी तो फुगतो आणि आक्रसतो. त्याचं तेज त्याबरोबर इतकं किंचित बदलतं की डोळ्यांना कळत नाही. १९११ साली डॅनिश खगोलशास्त्रज्ञ हर्ट्‌झस्प्रुंगने फोटोंवरून ते सिद्ध केलं. अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेत तोवर हजारो ताऱ्यांचं तेज याच ध्रुवाशी ताडून मोजलं गेलं होतं!

त्याच वेधशाळेत हेन्रिएटा स्वान लेविट कामाला होती. थोर अमेरिकनांच्या याद्या आपण शाळेपासून वाचतो. एडिसन असतो, राइट बंधू असतात, आर्मस्ट्राँग असतो. लेविट क्वचितच असते, आणि मला ते खटकतं. १८६८ साली मॅसॅच्युसेट्समध्ये तिचा जन्म झाला. वेधशाळेत सुरुवातीला तिने बिनपगारी काम केलं, पुढे तासाला ३० सेंट मिळू लागले. तिला ऐकू फार कमी यायचं. पिकरिंग या संचालकाने फोटोंच्या काचा तपासायला अशा अनेक स्त्रिया नेमल्या होत्या. त्यांना ‘कॉम्प्युटर’ म्हणत, म्हणजे गणित करणारी माणसं. दुर्बिणीवर बसून निरीक्षण करणं हे पुरुषांचं काम मानलं जाई.

काचा यायच्या हार्वर्डच्या पेरूमधल्या अरेकीपा इथल्या वेधशाळेतून. त्या निगेटिव्ह असत, म्हणजे पांढऱ्या आकाशावर काळे ठिपके. लेविट एका रात्रीच्या निगेटिव्हवर दुसऱ्या रात्रीची पॉझिटिव्ह काच ठेवायची. तेज सारखं असेल तर काळा ठिपका पांढऱ्याला झाकून टाकायचा, आणि जिथे कडा उरायची तो तारा रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारा. मग भिंग लावून, वेगवेगळ्या तेजाचे ठिपके असलेली चिमुकली काचपट्टी त्याच्याशेजारी धरून तेज ठरवायचं. माशा मारायच्या फटकाऱ्यासारखा त्या पट्टीचा आकार, म्हणून वेधशाळेत पट्टीला तसंच नाव पडलं होतं. अशा पद्धतीने तिने आयुष्यात सुमारे २,४०० रूपविकारी तारे शोधले.

यातले बरेचसे मॅगेलनच्या दोन ढगांमधले होते. हे ढग म्हणजे आकाशगंगेशेजारच्या दोन छोट्या दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह. ते दक्षिण आकाशात आहेत आणि धाकटा तर महाराष्ट्राच्या बहुतेक भागातून क्षितिजावर येतच नाही. १९०८ साली तिने १,७७७ ताऱ्यांची यादी छापली आणि त्यातल्या १६ ताऱ्यांबद्दल एक साधी नोंद केली: जे जास्त तेजस्वी, त्यांचा आवर्तनकाळ, म्हणजे उजळून, मंदावून पुन्हा तितकंच उजळायला लागणारा वेळ, जास्त. १९१२ साली धाकट्या ढगातले २५ तारे घेऊन तिने आलेख काढला. आवर्तनकाळ सव्वा दिवसापासून १२७ दिवसांपर्यंत. ठिपके जवळजवळ सरळ रेषेत बसले. त्या पत्रकाखाली सही पिकरिंगची आहे. मजकूर मिस लेविटने तयार केल्याचं पहिल्याच वाक्यात नमूद आहे, एवढं बरं.

या रेषेचं महत्त्व कळायला कोकणातल्या किनाऱ्यावर रात्री उभं राहा. समुद्रात एकच दिवा दिसला तर तो जवळचा कंदील की लांबच्या जहाजाचा मोठा दिवा, हे सांगता येत नाही. पण दूरवर एकाच ठिकाणी नांगरलेल्या वीस होड्या दिसल्या तर त्यांतला जो दिवा जास्त उजळ, तो खरोखरच मोठा. धाकट्या ढगातले सगळे तारे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर आहेत. म्हणून लेविटला दिसलेला तेजाचा फरक हा खराखुरा फरक होता. आता आकाशात कुठेही असा तारा सापडला की दिवस मोजायचे, त्यावरून खरं तेज काढायचं आणि दिसणाऱ्या तेजाशी ताडून अंतर मिळवायचं. जवळच्या एखाद्या ताऱ्याचं अंतर आधी ठाऊक हवं, एवढीच अट.

पण हे तारे का धडधडतात? माझा जीव अडकला आहे तो इथे. वृषपर्वा तारकासमूहातल्या डेल्टा ताऱ्यावरून, म्हणजे डेल्टा सेफीवरून, यांना सेफीड म्हणतात; आपला ध्रुवही त्यांतलाच. एरवी एखादा वायुगोल हलला तर झोपाळ्यासारखा हळूहळू थांबायला हवा. कुणीतरी दर वेळी झोका द्यायला हवा, आणि तो देतो हेलियम. ताऱ्याच्या पृष्ठभागाखाली जिथे तापमान सुमारे ४०,००० अंश असतं, तिथल्या हेलियमच्या अणूने एक इलेक्ट्रॉन आधीच गमावलेला असतो, दुसरा जाण्याच्या बेतात असतो. हा थर दाबला गेला की येणारी ऊर्जा तापमान वाढवण्याऐवजी तो दुसरा इलेक्ट्रॉन उपटण्यात खर्च होते. एरवी वायू दाबला की तापतो आणि तापला की प्रकाशाला जास्त वाट देतो. इथे उलटं होतं. थर दाट होतो, पण पुरेसा तापत नाही, आणि अपारदर्शक बनतो. आतून येणारा प्रकाश कोंडतो. कुकरमध्ये वाफ कोंडावी तसा दाब वाढतो आणि थर बाहेर ढकलला जातो. फुगताना तो निवतो, इलेक्ट्रॉन अणूंकडे परततात, थर पारदर्शक होतो, कोंडलेला प्रकाश सुटतो, आणि आधार गेलेला थर गुरुत्वाकर्षणाने पुन्हा खाली येतो. दाबला जातो. पुन्हा तेच.

हा थर योग्य खोलीवर असेल तरच हे जमतं. तारा फार तापलेला असेल तर थर अगदी वर येतो आणि ढकलायला वजनच उरत नाही. फार थंड असेल तर उकळत्या पाण्यासारखे उसळणारे वायूच उष्णता वर नेतात आणि झडप निकामी होते. आपला सूर्य तापमानाच्या या पट्ट्यात बसत नाही. आणखी एक गैरसमज: तारा मोठा झाला म्हणून उजळतो असं नाही, तेज बदलतं ते मुख्यतः पृष्ठभागाचं तापमान बदलल्यामुळे.

मोठे तारे सावकाश का धडधडतात? ढोल-ताशा आठवा. ताशा टणटणतो, ढोल खर्जात घुमतो. ताऱ्यात घनतेचा हिशेब चालतो: आवर्तनकाळ घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. घनता चौथाई झाली की आवर्तनकाळ दुप्पट. सेफीड जितका तेजस्वी तितका अवाढव्य आणि विरळ. डेल्टा सेफीची सरासरी घनता तर आपण श्वास घेतो त्या हवेहूनही कमी आहे. विरळ म्हणून सावकाश, अवाढव्य म्हणून तेजस्वी. लेविटची सरळ रेषा इथून येते.

या फुगण्या-निवण्याचा कुणाच्या संसाराशी किंवा नोकरीशी काडीचाही संबंध नाही. ताऱ्यांच्या नावाने भीती घालून पैसे उकळणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. तसाच राग ‘विश्वाबद्दलचं सगळं चुकलं’ अशा मथळ्यांचाही येतो. सेफीडच्या मदतीने विश्वाच्या प्रसरणाचा दर ७३ च्या आसपास येतो, आदिम प्रारणावरून, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीपासून उरलेल्या प्रकाशावरून, ६७ च्या (दर मेगापार्सेक अंतरामागे सेकंदाला इतके किलोमीटर). फरक खरा आहे, शास्त्रज्ञ त्यावर झटताहेत, आणि विश्व प्रसरण पावतं याबद्दल दोन्हीकडे दुमत नाही.

ऑक्टोबर १९२३ मध्ये अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ हबलने कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेत देवयानीतल्या तेजोमेघाचा फोटो घेतला. एका ठिपक्याशेजारी आधी ‘एन’, म्हणजे नोव्हा (अचानक उजळणारा तारा), असं लिहिलेलं होतं. ते खोडून त्याने मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘व्हार!’, म्हणजे व्हेरिएबल, रूपविकारी. तो सेफीड होता, आवर्तनकाळ ३१ दिवसांचा. अंतर आलं सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षं, म्हणजे देवयानी आकाशगंगेच्या कितीतरी बाहेरची स्वतंत्र दीर्घिका ठरली. आज ते अंतर २५ लाख मानतात, कारण सेफीड दोन जातींचे असतात हे १९५२ साली खगोलशास्त्रज्ञ बाडने दाखवेपर्यंत पट्टीतच चूक होती. हबलचा हा शोध लेविटला कळला नाही. १९२१ च्या डिसेंबरमध्ये ती कॅन्सरने गेली होती. १९२५ साली एका स्वीडिश गणितज्ञाने नोबेलसाठी तिचं नाव सुचवण्याच्या इराद्याने तिला पत्र लिहिलं, तेव्हा ती हयात नाही हे त्याला ठाऊक नव्हतं.

भाच्याला मी डेल्टा सेफी दाखवणार आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी उत्तरेला शर्मिष्ठेचा एम दिसतो, त्याच्या पश्चिमेला वृषपर्वा. डेल्टाजवळ झीटा आणि एप्सिलॉन हे दोन तारे आहेत. डेल्टा कधी उजळ झीटाच्या जवळपास पोचतो, कधी मंद एप्सिलॉनच्याही खाली जातो. साधी द्विनेत्री पुरते. रोज रात्री वहीत एक ओळ लिहायची. पाच दिवस पावणेनऊ तासांनी तो पुन्हा त्याच तेजावर आलेला असतो.