लूप गेला कुठे?

शून्यापासून दिलेल्या संख्येच्या आधीपर्यंतचे सगळे आकडे लूपनं, म्हणजे तीच सूचना पुन्हा पुन्हा फिरवून, एकेक करून बेरजेत मिळवणारा चार ओळींचा सी भाषेतला प्रोग्राम मी एकदा लिहिला. कंपायलर म्हणजे प्रोग्रामचं प्रोसेसरच्या भाषेत भाषांतर करणारं साधन. क्लँग या कंपायलरला ऑप्टिमायझेशन, म्हणजे प्रोग्राम वेगवान करण्याची सोय, चालू ठेवून तो दिला आणि तयार झालेली असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या सूचनांची यादी, उघडून पाहिली. लूप कुठेच नव्हता! त्याच्या जागी एक गुणाकार, एकदा निम्मं करणं आणि थोडी बेरीज-वजाबाकी. लागोपाठच्या संख्यांच्या बेरजेचं शाळेतलं सूत्रच ते. दहा लाख फेऱ्यांचं काम मोजक्या सूचनांत उरकलं होतं, आणि ते सूत्र मी कुठेही लिहिलेलं नव्हतं.

हे काम खरं तर क्लँगच्या पोटातल्या एलएलव्हीएम या कंपायलर बांधण्याच्या सुट्या भागांच्या संचाचं. क्लँग सी भाषा वाचतो, व्याकरण तपासतो आणि प्रोग्राम एका मधल्या भाषेत उतरवून देतो. त्या भाषेत एलएलव्हीएम प्रत्येक फेरीत कोणता आकडा किती वाढतो याचा हिशेब मांडतं. लूप संपल्यावर येणारं उत्तर थेट सूत्रानं काढता येतं असं दिसलं, की लूप काढून टाकतं.

मधली भाषा कशाला, हे साध्या हिशेबानं कळतं. पाच भाषा आणि चार प्रकारचे प्रोसेसर असतील, तर प्रत्येक जोडीसाठी वेगळा म्हणजे वीस कंपायलर लागतील. मध्ये एक सामाईक भाषा ठेवली, की भाषांसाठी पाच पुढचे भाग आणि प्रोसेसरसाठी चार मागचे, नऊच पुरतात. शिवाय सुधारणा मधे केली, की सगळ्यांनाच मिळते. लूप गायब करण्याची ती करामत रस्ट, ज्युलिया, स्विफ्ट या भाषांनाही आयती मिळाली.

कल्पना जुनीच होती. पण कुणालाही सुटी काढून आपल्या साधनात बसवता येईल अशी तिची मांडणी करण्याचं काम 2000 साली इलिनॉय विद्यापीठात क्रिस लॅटनर या विद्यार्थ्यानं, प्राध्यापक विक्रम अडवे यांच्या मार्गदर्शनाखाली, सुरू केलं. 2005 मध्ये लॅटनर ॲपलमध्ये गेले आणि तिथे क्लँग उभा राहिला. एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेचा 2012 चा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार एलएलव्हीएमला मिळाला.

मला क्लँगचं जास्त कौतुक आहे ते त्याच्या चुका दाखवण्याच्या पद्धतीचं. अर्धविराम राहिला, तर तो ती ओळ छापतो, नेमक्या जागेखाली बाणाची खूण करतो आणि तिथे काय हवं तेही सुचवतो. क्लँग नवा होता तेव्हा जीसीसी हा जुना कंपायलर बहुतेक वेळा ओळीचा क्रमांक आणि एक रुक्ष वाक्य देऊन मोकळा व्हायचा. अशी खूण त्यात 2013 च्या 4.8 आवृत्तीपासून आली. नवशिक्याचा किती वेळ आणि किती धीर यामुळे वाचला असेल! कंपायलर हा माणसाशी बोलणारा प्रोग्राम आहे, हे इतक्या मनापासून फार थोड्यांनी मानलं.

2010 मध्ये लॅटनर यांनी फावल्या वेळात स्विफ्टची सुरुवात केली. 2014 मध्ये ती जगासमोर आली. पुढे गूगलमध्ये असताना वेगळीच अडचण पुढे आली. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी तऱ्हेतऱ्हेच्या चिप निघाल्या आणि मधली एकच भाषा अपुरी पडू लागली. मोठमोठ्या सारण्यांचा गुणाकार एकदम सुट्या आकड्यांच्या पातळीवर उतरवला, की तो सारण्यांचा गुणाकार होता हेच कंपायलर विसरतो. म्हणून 2019 मध्ये एमएलआयआर ही नवी चौकट आली. त्यात मधल्या भाषा एकीखाली एक रचता येतात आणि प्रोग्राम पायरीपायरीनं खाली येतो. लॅटनर यांच्या मॉड्युलर कंपनीची मोजो ही भाषा त्यावरच उभी आहे. तिचा प्रोग्राम या पायऱ्या उतरून प्रोसेसरपर्यंत पोचतो, तेव्हा शेवटच्या पायरीवर आजही एलएलव्हीएमच असतं.